बावन्न मोठा की एकोणीस?

प्रश्न : माझी नात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाली, जेआरएफ शिष्यवृत्तीही मिळाली. आता कर्करोगाच्या जीवशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणते. दोन गाईड तिला घ्यायला तयार आहेत. एका सरांचा 'एच-इंडेक्स' 52 आणि सायटेशन 14 हजार. दुसऱ्या मॅडमचा एच-इंडेक्स 19, सायटेशन हजार-बाराशे. घरातल्या सगळ्यांनी 52 वर शिक्का मारून टाकलाय. नात मात्र गप्प आहे. मी जिल्हा बँकेत 34 वर्षं खातेवह्या लिहिल्या. आकडा दिसला की तो कुठल्या नोंदींतून आला हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे 52 म्हणजे नेमके 52 काय? आणि इतके पेपर लिहिणारा माणूस रोग्याच्या कामी येतो का?
ता. क. : हा आकडा फुगवता येतो का? आमच्या वह्यांत येत असे.
(एक निवृत्त वाचक, मिरज)

उत्तर : आधी आकडेमोड तपासू. शास्त्रज्ञाचे सगळे पेपर एकाखाली एक मांडायचे, ज्याला सर्वांत जास्त सायटेशन तो सगळ्यांत वर. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या पेपराच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत, तुमच्या पेपराचा केलेला उल्लेख. मग वरून ओळी मोजत खाली यायचं. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे 90, 40, 12, 4 आणि 3 सायटेशन आहेत. चौथ्या ओळीवर 4 आहेत, तिथपर्यंत ठीक. पाचव्या ओळीवर तीनच, पाचाला कमी पडले. तिथे थांबायचं. एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपराला 90 च्या जागी नऊ हजार असते तरी उत्तर 4 च राहिलं असतं. तेव्हा सरांच्या 52 चा अर्थ इतकाच, की त्यांच्या नावावर 52 पेपर असे आहेत ज्यांना प्रत्येकी निदान 52 सायटेशन मिळाली.

ही युक्ती हॉर्हे हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये काढली. वीस वर्षं संशोधन केल्यावर एच-इंडेक्स 20 असेल तर माणूस यशस्वी म्हणायचा, असा त्याचा भौतिकशास्त्रातला अंदाज होता. जीवशास्त्रात लिहिणारे जास्त, पेपरामागच्या संदर्भयाद्याही लांब, म्हणून आकडे मुळातच फुगलेले असतात. शिवाय या आकड्याची एक गंमत तुमच्या बँकेतल्या कुठल्याच खात्यात नव्हती : तो सहसा खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढतो, वारल्यावरही वाढतो. त्यामुळे सर साठीला टेकलेले असतील आणि मॅडम चाळिशीच्या आत असतील, तर 52 आणि 19 ची तुलना म्हणजे जुन्या आंब्याच्या आणि पाच वर्षांपूर्वी लावलेल्या कलमाच्या बुंध्याची तुलना. हर्शला हे ठाऊक होतं. एच-इंडेक्सला कारकिर्दीच्या वर्षांनी भागून पाहावं, असं त्यानं त्याच निबंधात सुचवलं होतं. पण भागाकार कोण करतो!

आता मूळ वही. ही नोंदणी सुरू केली युजीन गारफील्ड यांनी, फिलाडेल्फियात. 1955 साली त्यांनी कल्पना मांडली आणि 1964 पासून विज्ञानातल्या सायटेशनची सूची नियमित निघू लागली. कल्पना त्यांनी वकिलांकडून घेतली होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून वकिलांसाठी एक संदर्भग्रंथ निघत असे, त्यात एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कुठल्या खटल्यांत घेतला गेला आणि तो निकाल पुढे टिकला की उलटला, दोन्ही लिहिलेलं असे. विज्ञानानं त्यातला पहिला रकाना तेवढा उचलला. दुसरा रकाना, टिकला की उलटला, तो मागे राहिला. तुमच्या प्रश्नातली सगळी गुंतागुंत त्या गाळलेल्या रकान्यात आहे.

पेपर कशासाठी उल्लेखला जातो? पहिलं कारण, त्याची पद्धत रोज लागते. प्रथिनं मोजायची एक रीत ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी 1951 साली छापली. तिला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत, कर्करोगाच्या असंख्य प्रयोगशाळांत ती वापरली गेली. हा काही आपला थोर पेपर नव्हे, असं खुद्द लाउरीच म्हणत. चटणी-मिठाचं तसंच असतं, पंगतीत प्रत्येकाला लागतं पण जेवणाचं कौतुक त्याच्यावरून कोणी करत नाही. दुसरं कारण, पेपराचं पहिलं वाक्य. कर्करोगावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर 'जगात दरवर्षी इतक्या लोकांना हा रोग होतो' असा उघडतो आणि त्या वाक्याला आधार लागतो. तो आधार म्हणजे जागतिक आकडेवारीचा ठरावीक अहवाल. तो अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ज्या नियतकालिकात छापून येतो, त्याचा 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे दर पेपरामागे मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी, मुख्यतः यामुळेच काही शेकड्यांत गेला. चांगल्या नियतकालिकांना तो दोन आकडी मिळाला तरी ती मिरवतात.

तिसरं कारण जास्त मानाचं. डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग हे दोघे 1998 साली हवाईतल्या एका परिषदेच्या वेळी ज्वालामुखीच्या तोंडाकडे चालत निघाले होते. कर्करोगाचे शेकडो प्रकार, हजारो पेपर, प्रत्येकाचा सूर वेगळा. यामागे मोजकी समान सूत्रं असतील का, ही चर्चा त्या वाटेवर झाली. जानेवारी 2000 मध्ये 'सेल' या नियतकालिकात त्यांचा 'हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर' हा निबंध आला. पेशी कर्करोगी होते म्हणजे तिला सहा गुण येतात, अशी मांडणी होती : वाढीची आज्ञा ती स्वतःच स्वतःला देते, थांबण्याची आज्ञा ऐकत नाही, मरायची वेळ टाळते, अमर्याद वेळा दुभागते, स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते आणि शेजारच्या ऊतींत घुसून दूरवर पसरते. 2011 मध्ये त्यांनी यादी वाढवली, 2022 मध्ये हॅनाहन यांनी एकट्यानं पुन्हा. कर्करोगाच्या क्षेत्रात सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या लेखनात यांतले पहिले दोन निबंध येतात. आणि त्यांत नवा प्रयोग एकही नाही! पसरलेल्या ज्ञानाची ती घडी घालून ठेवली आहे. मी स्वतः हा निबंध विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो. पण घडी घालणाऱ्याला कापड विणणाऱ्यापेक्षा जास्त श्रेय मिळतं, ही गोष्ट नोंदवून ठेवा.

या वाइनबर्ग यांचंच दुसरं पान पाहू. त्यांच्या प्रयोगशाळेतला, स्तनाचा कर्करोग पसरण्यावरचा 2009 चा एक पेपर 2015 मध्ये मागे घेण्यात आला. तोवर त्याला शेकडो सायटेशन मिळाली होती. वाइनबर्ग लहान होत नाहीत : मानवी अर्बुदातलं पहिलं कर्कजनुक शोधणाऱ्यांत ते होते आणि पेपर मागे घेण्याचं धैर्य पुष्कळांना होत नाही. पण मिळालेली सायटेशन पेपराबरोबर मागे जात नाहीत. वहीत ती जमेलाच राहतात.

आता तो गाळलेला रकाना कोणी भरून पाहिला का? पाहिला. 2012 मध्ये ग्लेन बेग्ली आणि ली एलिस यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. बेग्ली तेव्हा नुकतेच अ‍ॅम्जेन या औषध कंपनीच्या कर्करोग संशोधनाच्या प्रमुखपदावरून बाहेर पडले होते. औषध बनवायच्या आधी कंपनीनं 53 गाजलेल्या पेपरांतले निष्कर्ष स्वतःच्या प्रयोगशाळेत पडताळले. टिकले सहा. त्या लेखातला एक तक्ता मला मुख्य आकड्यापेक्षा बोलका वाटतो. फार मोठ्या नियतकालिकांतले जे पेपर पडताळणीत टिकले त्यांना सरासरी 231 सायटेशन होती, जे टिकले नाहीत त्यांना 248. वहीवरून खरं-खोटं ओळखायला गेलात तर हाती काही लागत नाही.

पुढे काहींनी हेच काम उघडपणे, कंपनीच्या भिंतींबाहेर करायचं ठरवलं. 53 पेपरांतले 193 प्रयोग पुन्हा करायचे होते. आठ वर्षांनी, 2021 मध्ये हिशोब लागला तेव्हा 23 पेपरांतले 50 प्रयोगच पुरे झाले होते. एकाही प्रयोगाची कृती मूळ पेपरात इतकी पूर्ण नव्हती की लेखकांना न विचारता ती करता यावी. आणि विचारल्यावर सगळ्यांनी उत्तरं दिली, असंही झालं नाही. आजीच्या लोणच्याची कृती लिहून घेताना 'मीठ अंदाजानं' एवढंच हाती लागतं, तशातली गत. फरक एवढा, की आजी विचारल्यावर सांगते.

काळाचंही असंच : पेपराचं मोल कळायला कधी दशकं जातात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या पेटन राउस यांच्याकडे 1909 मध्ये छातीवर गाठ आलेली एक कोंबडी आली. ती गाठ वाटून, पेशी अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळून तो रस त्यांनी दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे 1911 साली छापून आलं आणि कुणाला ते फारसं पटलं नाही. राउस स्वतःही काही वर्षांत या विषयापासून दूर गेले. नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी. 1920 साली त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला जावं का असं कुणी आकडे बघून विचारलं असतं, तर तुमच्या घरच्यांनी काय सांगितलं असतं?

रोग्याच्या कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो मला या पत्रात सर्वांत आवडला. त्यासाठी पुन्हा फिलाडेल्फियाला जाऊ. पीटर नॉवेल यांनी रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी काचपट्टीवर नळाच्या पाण्यानं धुतल्या. पाण्यानं पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी दिसू लागली. तरुण संशोधक डेव्हिड हंगरफोर्ड यांच्यासह त्यांनी पाहिलं, की एका विशिष्ट रक्तकर्करोगात, सीएमएलमध्ये, एक गुणसूत्र हमखास छोटं असतं. 1960 मध्ये ही बातमी छापून आली ती काही परिच्छेदांची. छोटं गुणसूत्र तुटलेलं आहे असा समज होता. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांची छायाचित्रं घरच्या जेवणाच्या टेबलावर पसरून जुळवली. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, अशी मुलं थट्टा करत. 1973 मध्ये त्यांनी दाखवलं, की तुकडा हरवलेला नाही. 22 वं आणि 9 वं गुणसूत्र यांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. तो निबंध जेमतेम चार पानांत मावला. पुढच्या दशकात इतरांनी त्या सांध्यावर जन्मणारं बिघडलेलं प्रथिन शोधलं, मग त्याला अडवणारं रसायन आलं आणि मे 2001 मध्ये इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. जो रोग काही वर्षांत माणूस नेत असे, तो गोळी घेत सांभाळायचा रोग झाला. भारतात 2013 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून मिरज-सांगलीतल्या रुग्णालाही ही गोळी परवडणाऱ्या किमतीत मिळते.

नळाच्या पाण्यापासून गोळीपर्यंत 41 वर्षं. या वाटेवरचा प्रत्येक टप्पा पुढच्यानं आपल्या यादीत उल्लेखून ठेवला आहे, म्हणून ती वाट आज आपल्याला दिसते. सायटेशनचा खरा उपयोग हा : कुणाचा धागा कुणी पुढे नेला ते कळतं. बेरीज करायला घेतली की धागा सुटतो.

एक उदाहरण घरचं. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. 1945 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाई यांनी लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध लिहिला. त्यात धोतर कमरेला करकचून बांधल्यानं कातडी वर्षानुवर्षं घासून होणारा कर्करोग होता. परदेशी प्रयोगशाळेला हा विषय सुचणंच शक्य नव्हतं. कमरेच्या अशा कर्करोगाचे रुग्ण जगात मूठभर, त्यावर लिहिणारे त्याहून कमी. मग सायटेशन येणार कुठून? खानोलकरांकडेच कमल रणदिवे यांनी 1949 मध्ये पीएच.डी. केली. मग त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 'हेला' या जगप्रसिद्ध पेशी जिथे वाढवल्या गेल्या, ती ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवर काम करून स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध तपासला. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे दोनशेहून जास्त पेपर आहेत. पण 1973 मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. या कामांसाठी एच-इंडेक्समध्ये ओळ नाही.

आता नातीचं. जीवशास्त्राच्या पेपरात नावांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्याचं, बहुधा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं. शेवटचं नाव गाईडचं. मधली नावं मदत करणाऱ्यांची, कधी नुसते नमुने पुरवणाऱ्यांची. सरांचे 52 पेपर काढून नातीनं बघावं, की त्यांत सर शेवटी किती वेळा आहेत आणि पन्नास जणांच्या यादीत मध्येच किती वेळा. 14 हजारांतली दहा हजार जर दोन-तीन आंतरराष्ट्रीय प्रकल्पांच्या अवाढव्य पेपरांतून आली असतील, तर सरांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचं काम उरलेल्या चार हजारांत आहे. हेच मॅडमच्या बाबतीतही करावं.

मग पहिल्या नावांची यादी करावी. ही मुलं आज कुठे आहेत? किती वर्षांत पीएच.डी. झाली, पाच की आठ? एखाद्या मुलीचं नाव एका पेपरात दिसतं आणि पुढे कुठेच दिसत नाही, असं तीनदा झालं असेल तर चौकशी करावी. सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटावं, तेही कँटीनमध्ये, गाईडच्या केबिनबाहेर नव्हे. पेपर छापण्याच्या घाईचं ओझंही थोडं उतरलंय : 2022 च्या नियमांत युजीसीनं प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढून टाकली. आणि नात गप्प आहे म्हणता, तर तिला विचारा. माझा अंदाज, तिनं दोघांचे पेपर वाचलेत आणि तिला एकाचा विषय आवडलाय. पाच वर्षं पहाटे पेशींना खाऊ घालायला जायचंय तिला, घरच्यांना नाही.

ता. क.चं उत्तर : येतो. फ्रान्समधल्या सिरिल लाबे यांनी 2010 मध्ये 'आइक अँटकेअर' नावाचा शास्त्रज्ञ कल्पनेतून तयार केला. संगणकाकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहून घेतले, सगळे एकमेकांचा उल्लेख करणारे. गूगल स्कॉलरनं या नसलेल्या माणसाला 94 चा एच-इंडेक्स दिला, तेव्हाच्या त्याच्या हिशोबात आइन्स्टाइनपेक्षा जास्त. 2024 मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर 12 पेपर चढवले आणि प्रत्येकाला 12 सायटेशन मिळतील अशी सोय केली. लॅरीचा एच-इंडेक्स 12 झाला. पुढे गूगलनं ती सायटेशन काढली. प्रत्यक्षात फुगवण्याच्या रीती इतक्या मजेशीर नसतात : स्वतःचाच उल्लेख वारंवार करणं, मित्रमंडळींत देवाणघेवाण, दुसऱ्याचा पेपर तपासायला आला की 'माझे हे चार पेपरही उल्लेखा' अशी सूचना, आणि पैसे देऊन विकत घेणं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सशुल्क वह्या निवडक नियतकालिकंच घेतात, म्हणून तिथला आकडा गूगलपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. सरांचे 52 कुठल्या वहीतले, एवढं विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजातल्या सरांचं नाव 'स्टॅनफर्डच्या यादीत, जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत' आलं म्हणून चौकात फ्लेक्स लागलाय. हा पुरस्कार स्टॅनफर्ड विद्यापीठ देतं का?
(एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : हा पुरस्कार नाही. स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस वहीतले आकडे घेऊन ही यादी करतात, म्हणून विद्यापीठाचं नाव चिकटलं. तिच्यात लाखाहून अधिक नावं असतात. याद्याही दोन आहेत, एक सबंध कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. सर कुठल्या यादीत आहेत ते फ्लेक्सवर बघा. यादी वाईट नाही, एकट्यानं, पहिल्या किंवा शेवटच्या नावानं लिहिलेल्या पेपरांना ती वेगळं वजन देते. स्वतःचाच उल्लेख किती टक्के, हा रकानाही त्या तक्त्यात आहे आणि अलीकडे मागे घेतलेले पेपर किती, हाही. हे दोन रकाने फ्लेक्सवर मी अजून पाहिलेले नाहीत.